तेल स्वच्छ, हवा कोरडी : मेंटेनन्सला नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा करून पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, रांजणगावकडच्या कारखान्यांत मेंटेनन्सला लागलेल्या मुला-मुलींचे हात पहिल्या दिवसापासून पान्यासाठी शिवशिवत असतात. मशीन बंद पडावं, आपण ते उघडावं आणि चालू करून दाखवावं, असं वाटतं. मलाही वाटायचं. पण हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) आणि न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) कामात पाना शेवटी येतो. त्याआधी डोळे, कान, हाताचा तळवा आणि एक वही. बहुतेक बिघाडांचं मूळ दोनच गोष्टींत सापडतं, तेलात गेलेली घाण आणि हवेत राहिलेलं पाणी. या दोघांना बाहेर ठेवायला शिकलात की निम्मी ब्रेकडाउन तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय, ज्या क्रमाने मी नव्या पोरांना शॉपवर फिरवतो.

आधी डोक्यात एवढं पक्कं करा

"पंप प्रेशर देतो" असं आपण सर्रास म्हणतो. ते खरं नाही. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला पुढे कुणी अडवलं तरच प्रेशर चढतं. सिलिंडरसमोर लोड नसेल तर धडधाकट पंप चालू असूनही गेजचा काटा जेमतेम हलेल. यातून कामाचा एक नियम निघतो. सिलिंडर हळू चालत असेल तर फ्लो कुठे कमी होतोय ते शोधा. सिलिंडर वेगात येतो पण लोड घेत नाही, तर प्रेशर कुठे गळतंय ते शोधा. हा फरक न करता रिलीफ व्हॉल्व्हचा (ठरलेल्या प्रेशरपुढे तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू पिळत बसणारे मी खूप पाहिले आहेत. त्याने सिलिंडरचा वेग वाढत नाही, फक्त तेल तापतं आणि होजवर (लवचीक नळीवर) ताण येतो.

आकडा एकदा स्वतः काढून बघा. १०० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. १५० बारला तो सुमारे १२ टन जोर लावतो. हवेचा ६३ मिलिमीटरचा सिलिंडर ६ बारला सुमारे १९० किलो. हवेचा जोर कमी वाटतो, पण माणसाचं बोट चेंगरायला १९० किलो पुरेसे आहेत.

हात लावण्याआधी

पॉवर पॅकची (टाकी, पंप, मोटर यांच्या संचाची) मोटर बंद केली म्हणजे मशीन मेलं, असं नाही. तेल लाइनमध्ये दाबून बसलेलं असतं, उभ्या सिलिंडरवर वजन लटकत असतं, अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी बाटली) भरलेला असतो. कुठलाही जॉइंट सैल करण्याआधी हे याच क्रमाने करा:

१. लोड खाली आणा. प्रेसची रॅम पूर्ण खाली टेकवा. ते जमत नसेल तर खाली सेफ्टी ब्लॉक लावा. तेलाच्या भरवशावर लटकलेल्या वजनाखाली हात कधीच घालायचा नाही.

२. आयसोलेटर बंद करा, स्वतःचं कुलूप लावा, टॅग लटकवा. किल्ली स्वतःच्या खिशात. "तू जा, मी बघतो" असं म्हणणाऱ्याच्या खिशात नाही.

३. अ‍ॅक्युम्युलेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून त्यातलं तेल टाकीत सोडा.

४. डायरेक्शन व्हॉल्व्हची (तेल सिलिंडरच्या कुठल्या बाजूला जाईल ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची) मॅन्युअल पिन दोन्ही बाजूंनी दाबून सिलिंडरच्या लाइनमध्ये अडकलेलं प्रेशर काढा. त्या वेळी मशीनजवळ कुणी उभं नाही ना, ते आधी बघा.

५. गेज शून्यावर आहे का बघा, पण गेजवर विसंबू नका, काटा अडकलेला असू शकतो. फिटिंग पाव फेरा सैल करा, थांबा, झिरपू द्या, मग पुढे.

हवेच्या मशीनला लाइनचा शट-ऑफ व्हॉल्व्ह असा हवा की बंद केल्यावर तो पुढची हवा बाहेर सोडेल. नुसता बॉल व्हॉल्व्ह बंद केला तर सिलिंडरमध्ये हवा तशीच राहते आणि सेन्सरला चुकून हात लागला की सिलिंडर धावतो.

आणि ही एक गोष्ट मी प्रत्येकाकडून दोनदा वदवून घेतो. हायड्रॉलिक लाइनला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर त्यातून येणारी तेलाची धार दिसतही नाही, पण कातडीतून आत शिरते. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवायचा, धार असेल तर पुठ्ठा ओला होतो. तरीही कुणाला धार लागलीच, तर जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तिथेच फसगत होते. पट्टी बांधून शिफ्ट पूर्ण करायची नाही, घरी जायचं नाही. थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की हाय प्रेशरचं तेल कातडीत शिरलंय. त्यावर काही तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो.

रोजची दहा मिनिटं

शिफ्ट सुरू होताना पॉवर पॅकपाशी जा. सगळे सिलिंडर मागे घेतलेले असताना तेलाची पातळी बघा. रॉड बाहेर असताना तेल सिलिंडरमध्ये असतं, तेव्हा पातळी कमी दिसते. कुणीतरी टॉप-अप करतं आणि रॉड मागे आले की टाकी वाहते.

मग रंग. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे किंवा हवा. स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना घ्या आणि बाटली बाजूला ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत खालून वर स्वच्छ होत गेलं तर हवा होती. दुधाळच राहिलं तर पाणी. तेल काळपट आणि जळका वास असेल तर ते फार तापत होतं.

टाकीवर तापमानाची गन धरा. ४५ ते ५५ अंश सेल्सिअस उत्तम. ६० च्या वर रोज जात असेल तर कारण शोधायला लागा, कारण तिथून पुढे प्रत्येक दहा अंशांना तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला हिशेब आहे. पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सर्वांत आधी ऑइल कूलरच्या जाळीवरची धूळ साफ करा. त्यानंतर कूलर लहान पडतोय का याची चर्चा.

शेवटी कान. पंपाचा आवाज हा वाचायला शिकण्याचा मजकूर आहे. आत खडी टाकल्यासारखा कडकडाट किंवा सलग किंकाळीसारखा आवाज आला तर पंपाला पुरेसं तेल मिळत नाहीये. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंप तेल ओढतो असं आपल्याला वाटतं, पण तो फक्त पोकळी करतो. तेलाला आत ढकलते ती टाकीवरची बाहेरची हवा. म्हणून सक्शन स्ट्रेनर (पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीवरची जाळी) चोंदला, टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची जाळीदार टोपी) बुजला किंवा डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट झालं की पंप उपाशी राहतो. थंडीत पहिली पाच-दहा मिनिटं पंप लोडशिवाय चालू द्या. दुसरा आवाज जरा वेगळा असतो, त्यात गुरगुर असते आणि टाकीत फेस दिसतो. तेव्हा सक्शनच्या जॉइंटमधून हवा आत जातेय. तिथे तेल गळत नाही, म्हणून डोळ्याला काहीच सापडत नाही. एकेका जॉइंटवर थोडं तेल सोडा. ज्या जॉइंटवर तेल टाकल्याबरोबर आवाज बदलेल, तो चोर. हे करताना कपलिंगपासून (मोटर-पंपाच्या फिरत्या जोडापासून) हात आणि बाही लांब.

ब्रीदरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. खंडेनवमीला आपल्याकडे मशीनं धुऊन-पुसून त्यांची पूजा होते, आणि ती व्हावीच. ज्या मशीनवर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडणं मला फार आवडतं. फक्त झेंडूची फुलं आणि हळद-कुंकू ब्रीदरच्या टोपीवर वाहू नका. पाकळ्या सुकून जाळीत अडकतात. आणि मशीन धुताना ब्रीदर, फिलर कॅप आणि रॉडच्या वायपर सीलवर पाण्याचा फवारा मारू नका.

तेल

नवं तेल स्वच्छ असतं, हा नव्यांचा सगळ्यांत मोठा गैरसमज. सीलबंद बॅरलमधलं तेलही बऱ्याच हायड्रॉलिक सिस्टिमना लागतं तेवढं स्वच्छ नसतं. माणसाच्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दिसतो, आणि व्हॉल्व्हमधला स्पूल (आत सरकणारा दांडा) व त्याच्या बोअरमधली फट त्याहून कितीतरी बारीक असते. म्हणजे जी घाण स्पूल अडकवते, ती आपल्याला दिसतच नाही. "तेल चकाचक दिसतंय" याला म्हणून काही अर्थ नाही. स्वच्छता मोजायची तर प्रयोगशाळेत नमुना पाठवावा लागतो. तिथून आयएसओ ४४०६ प्रमाणे १८/१६/१३ असा कोड येतो. हे तीन आकडे एका मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनहून मोठे किती कण आहेत ते सांगतात. आकडा एकने वाढला की कण दुप्पट.

तेल भरताना बादली आणि नरसाळं वापरू नका. फिल्टर ट्रॉली (पंप आणि फिल्टर बसवलेली गाडी) वापरा. टाकीत हात घालून पुसायची वेळ आली तर कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटतात. धागे न सुटणारं कापड घ्या. कुठलं तेल भरायचं ते मशीनच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ वगैरे. हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट आहे ते सांगतो. ४६ संपलं म्हणून ६८ ओतू नका, आणि एका कंपनीचं तेल दुसऱ्यात मिसळू नका.

आता बॅरलबद्दल, कारण पुण्याच्या पावसाळ्यात इथेच घात होतो. शेडच्या बाहेर उभा ठेवलेला बॅरल बघा. वरच्या झाकणाच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री गार झाला की तो श्वास आत घेतो आणि हवेबरोबर वर साचलेलं पाणीही खेचतो. बूच घट्ट असूनही. बॅरल छपराखाली आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा. मग आतून बुचांवर तेल राहतं आणि हवा-पाणी आत येत नाही.

रिटर्न फिल्टरचा (टाकीत परतणाऱ्या तेलाच्या फिल्टरचा) इंडिकेटर तेल गरम असताना बघा. थंड तेलात तो उगाच लाल दाखवतो. काढलेला जुना फिल्टर लगेच भंगारात टाकू नका. कापा, घडी उलगडा, उजेडात धरा. पितळेच्या रंगाचे चमकते कण असतील तर पंपाच्या आतले भाग झिजताहेत. काळे रबराचे कण असतील तर कुठलं तरी सील चाललंय. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. पंप बंद पडायच्या कित्येक आठवडे आधी ही बातमी फिल्टरमध्ये येऊन बसलेली असते.

एक कॉइल, दोन कॉइल, तीन कॉइल

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये एका प्रेसची सोलेनॉइड कॉइल (व्हॉल्व्ह विजेने सरकवणारी गुंडाळी) जळली. मी बदलली. चार दिवसांनी परत जळली. परत बदलली, या वेळी व्होल्टेज तपासून. आठवड्याने तिसरी. मी म्हणालो, कॉइलचा माल खराब आहे. आमचे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते म्हणाले, "पोरा, कॉइल मरतीय, पण मारतंय कोण ते बघ की."

सगळं बंद करून, प्रेशर काढून त्यांनी माझ्या हातात बारीक अ‍ॅलन की दिली आणि व्हॉल्व्हची मॅन्युअल पिन दाबायला लावली. एका बाजूला पिन गुळगुळीत आत जात होती. दुसऱ्या बाजूला निम्म्यावर अडत होती. व्हॉल्व्ह उघडला, स्पूल सरकवून काढला. स्पूलच्या कडेला टेफ्लॉन टेपचा पांढरा कपटा चिकटला होता, नखाएवढा. ती टेप मीच महिन्यापूर्वी एका फिटिंगला गुंडाळली होती, पहिल्या आट्यापासून, टोक बाहेर लोंबत ठेवून.

एसी कॉइलला प्लंजर (कॉइलमधला लोखंडी दांडा) पूर्ण आत बसेपर्यंत नेहमीच्या कित्येक पट करंट लागतो. स्पूल अडला की प्लंजर निम्म्यावर राहतो, करंट उतरत नाही, कॉइल जळते. तेव्हापासून कॉइल बदलण्याआधी मी पिन दाबून बघतो. आणि हायड्रॉलिकमध्ये टेप वापरत नाही. समांतर आट्यांच्या बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) फिटिंगला डाउटी वॉशर (आत रबर असलेला धातूचा वॉशर) असतो, तिथे टेपचं कामच नाही. बीएसपीचा आटा ५५ अंशांचा, एनपीटीचा (अमेरिकन मापाचा) ६० अंशांचा. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे बसतात आणि जमलं असं वाटतं. जमलेलं नसतं.

होज बसवताना

नवी होज क्रिंप करून (टोकाची फिटिंग दाबून बसवून) आणली की आत कापताना उडालेला रबर आणि तारेचा भुगा असतो. बसवण्याआधी ती साफ करून घ्या आणि दोन्ही टोकांना लगेच टोप्या लावा. टोपी नसेल तर स्वच्छ प्लॅस्टिक बांधा, चिंधी कोंबू नका. होजवर लांबीने छापलेली रेघ असते. बसवल्यावर ती सरळ दिसली पाहिजे. रेघ पिळली असेल तर होज पिळली आहे आणि ती फार दिवस टिकणार नाही. प्रेशर आल्यावर होजची लांबी थोडी बदलते, म्हणून ताणून बसवू नका. वरचं रबर फाटून तार दिसायला लागली की होज बदला, गळायची वाट बघू नका.

पंप बदलल्यावर चालू करताना

पिस्टन पंप असेल तर केस ड्रेनच्या (पंपाच्या आत झिरपणारं तेल टाकीकडे नेणाऱ्या) पोर्टातून आधी त्याच्या पोटात स्वच्छ तेल भरा. कोरडा फिरवला तर पहिल्याच मिनिटात तो आतून खरचटतो. सक्शनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते हाताने बघा. रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण सैल करा. मोटर क्षणभर चालू-बंद करून फिरण्याची दिशा बाणाशी जुळवा. मग लोडशिवाय दहा मिनिटं चालवा, सिलिंडर हळूहळू पूर्ण पुढे-मागे करून हवा काढा, पातळी परत बघा आणि त्यानंतरच प्रेशर टप्प्याटप्प्याने चढवा. शेवटी लॉक नट आवळून आकडा वहीत.

अ‍ॅक्युम्युलेटर असेल तर त्यात फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. कॉम्प्रेसरची हवाही नाही. प्रीचार्ज (आधी भरलेल्या नायट्रोजनचं प्रेशर) तपासताना तेलाच्या बाजूचं प्रेशर शून्य हवं, नाहीतर आकडा खोटा येतो.

हवेची लाइन

हवेच्या कामाला लोक दुय्यम समजतात. तेल सांडत नाही, गळालं तरी दिसत नाही. पण जुलैमध्ये व्हॉल्व्ह चिकटायला लागले की सगळ्यांना आठवण होते.

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपला साधा पावसाळी दिवस. तेव्हा एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा ७ बारपर्यंत दाबली की आकारमान आठव्या हिश्शावर येतं, आणि परत ३० अंशांपर्यंत गार झाल्यावर तिच्यात जेमतेम चार ग्रॅम मावतात. उरलेले वीस ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतात. १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफुटांचा) कॉम्प्रेसर तासाला सुमारे १७० घनमीटर हवा घेतो. म्हणजे तासाला जवळजवळ साडेतीन लिटर पाणी, आठ तासांच्या शिफ्टला दीड बादली. हे पाणी आफ्टरकूलर (हवा गार करणारा), रिसीव्हर (हवेची टाकी) आणि ड्रायरपाशी (हवा सुकवणाऱ्यापाशी) काढलं नाही तर ते तुमच्या सिलिंडरमध्ये जाऊन ग्रीस धुऊन काढतं.

म्हणून रिसीव्हरचा ड्रेन रोज हाताने उघडून बघा, ऑटो ड्रेन असला तरी. ऑटो ड्रेन गंजाच्या चिखलाने बंद पडतो आणि कुणाला कळत नाही. मेन लाइनला हवेच्या दिशेने हलका उतार द्या, दर शंभर मीटरला एक मीटर, शेवटी ड्रेन. मशीनला जाणारी फांदी मेन लाइनच्या पोटातून काढू नका, वरून काढून वळवा. पाणी खालून वाहतं, वरून निघालेल्या फांदीत शिरत नाही.

मशीनवरच्या एफआरएलचा क्रम नावातच आहे, आधी फिल्टर, मग रेग्युलेटर (प्रेशर ठरवणारा), मग लुब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा). पारदर्शक वाटी पॉलिकार्बोनेटची असते. ती थिनर किंवा पेट्रोलने धुतली तर डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि प्रेशरखाली वाटी फुटते. साबणाचं पाणी वापरा. हल्लीचे बरेच सिलिंडर कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात, त्यांना लुब्रिकेटर लागत नाही. मात्र एकदा तेल द्यायला सुरुवात केली की ते कायम द्यावं लागतं, कारण मूळचं ग्रीस धुऊन गेलेलं असतं.

गळती शोधायला गुरुवारसारखा दिवस नाही. आपल्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, शॉप शांत. परवानगी घेऊन एकटा कॉम्प्रेसर चालू करा, सगळी मशीनं बंद. आता तो जे भरतोय ते फक्त गळतीसाठी. घड्याळ लावा. दोन मिनिटं लोड (हवा भरत), आठ मिनिटं अनलोड (हवा न भरता) असा चालला तर दहातली दोन, म्हणजे २० टक्के हवा गळतेय. मग कान देऊन फिरा, संशय आला तिथे साबणाचा फेस लावा. वन-टच फिटिंगमध्ये (नळी नुसती ढकलून बसते त्या) तिरक्या कापलेल्या पीयू ट्यूब बहुतेक वेळा गुन्हेगार निघतात. ट्यूब कटरने सरळ कापून परत बसवली की काम होतं. तीन मिलिमीटरचं एक भोक सहा-सात बारला कॉम्प्रेसरची तीनेक किलोवॅट वीज खातं. कॉम्प्रेसर चोवीस तास चालत असेल तर दिवसाला सत्तरेक युनिट. साहेबांना नवा ड्रायर मागायला जाताना हा हिशेब बरोबर न्या.

एअर गन स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर मारायची नाही, कपडे झटकायलाही नाही. आणि रिसीव्हरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला कधीही प्लग मारायचा नाही. प्रेशर व्हेसलची (रिसीव्हरसारख्या दाबाखालच्या टाकीची) तपासणी कायद्याने करावी लागते. ठरलेल्या मुदतीत सक्षम व्यक्तीकडून ती करून घेतली आहे का आणि दाखला कुठे आहे, हे मेंटेनन्सच्या माणसाला माहीत असलंच पाहिजे.

वही

संगणकात नोंदी होतातच, तरी खिशात मावणारी वही ठेवा. प्रत्येक मशीनला एक पान. मशीन ठणठणीत असतानाचे आकडे आधी लिहा : सिस्टिम प्रेशर, टाकीचं तापमान, सायकलचा वेळ. आणि पिस्टन पंप असेल तर केस ड्रेनमधून मिनिटाला किती तेल येतं. हे शेवटचं मोजायला मशीन बंद करून, प्रेशर काढून केस ड्रेनची नळी मोजपट्टी असलेल्या स्वच्छ भांड्यात सोडा, मग चालू करून घड्याळ लावा. वाट मोकळी ठेवा, केस ड्रेन कधीही बंद करायचा नाही, पंपाचं शाफ्ट सील बाहेर येतं. आज मिनिटाला दोन लिटर आलं, दोन महिन्यांनी तीन, पुढे चार, तर पंप आतून झिजतोय आणि पुढच्या पंपाची ऑर्डर आजच टाकायला हवी. मोजून झालेलं तेल टाकीत परत ओतू नका, फिल्टर ट्रॉलीतूनच भरा.

येत्या गुरुवारी सुरुवात एकाच मशीनपासून करा. जे सगळ्यात जास्त त्रास देतं, तेच घ्या.